इलेक्ट्रिक गिटार बांधायची की विकत घ्यायची? टोनच्या मागे लागलेल्या नवख्यांसाठी

वाईचा आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा सागवानाची एक तुळई माझ्या वाट्याला आली आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हिची इलेक्ट्रिक गिटार करायची. इतकं जुनं, वाळून खडखडीत झालेलं लाकूड, टोन कसला येईल राव! ज्या सुतारकाकांकडे ती कापायला नेली ते म्हणाले, "अहो, याचा मस्त झोपाळा झाला असता की." मी हसण्यावारी नेलं. मग सव्वा वर्ष गेलं, बत्तीस हजार रुपये गेले, गिटार झाली पावणेपाच किलोची, आणि एका रविवारी मी ती रेकॉर्ड केली, मग तिच्यातले पिकअप (तारेचं हलणं विजेत बदलणारे चुंबकवाले भाग) आणि पॉट (आवाज कमीजास्त करायची बटणं) काढून माझ्या जुन्या स्वस्तातल्या गिटारीत घातले, त्याच नंबरच्या नव्या तारा, तीच केबल, तोच अँप, तीही रेकॉर्ड केली आणि आठवडाभरानं फाइलींची नावं न बघता ऐकलं. कुठली कुठली ते मला ओळखता आलं नाही. बांधली मीच होती हो ती.

त्यामुळे "दादा, टोनसाठी बांधू का घेऊ" असं कोणी विचारलं की माझं उत्तर आता ठरलेलं आहे. टोन पाहिजे तर विकत घ्या आणि आतले पार्ट बदला. बांधायची ती बांधायची हौस आहे म्हणून, नाहीतर बाजारात मिळत नाही असं काहीतरी हवंय म्हणून (डावखुरे असाल, पाठ दुखते म्हणून हलकी हवी असेल, पिकअपची मांडणी वेगळी हवी असेल वगैरे). पण नुसतं माझं ऐकून पैसे टाकू नका, खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा, कारण निम्म्या लोकांचं काम दुसऱ्या पायरीलाच होऊन जाईल.

१. आधी नेमकं काय खटकतंय ते कागदावर लिहा

"टोन नाही येत" हे वाक्य चालणार नाही. काय होतंय नक्की? आवाज किर्र आणि पातळ येतो, का गोधडी पांघरल्यासारखा बोदा येतो, का वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) गेलं की बेसूर वाटतं, का नोट वाजवल्या वाजवल्या मरते, का नुसतीच मागे घूंऽऽ चालू असते? या पाचही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि नवीन गिटार हे त्यातल्या बहुतेकांवरचं औषध नाही.

वरती बेसूर म्हणजे इंटोनेशन, ब्रिजवरचा (तारांच्या खालच्या टोकाची घोडी) त्या तारेचा स्क्रू फिरवायचं काम. बोदा आवाज म्हणजे सहा महिन्यांच्या गंजक्या तारा, किंवा फार लांब केबल, किंवा चुकीचे पॉट. नोट मरते ती बहुतेक वेळा तार कुठल्यातरी फ्रेटला घासते म्हणून. आणि घूंऽऽ बद्दल सांगायचं तर आधी घराचं अर्थिंग बघा. आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये थ्री पिन सॉकेटला तिसरी वायरच जोडलेली नव्हती आणि मी तीन महिने पिकअपला शिव्या घातल्या. सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीचा) पिकअप थोडा घुमणारच, तो त्याचा स्वभाव आहे, पण गिटारीच्या तारांना हात लावल्यावर घूं एकदम कमी होत असेल तर शील्डिंग (आतल्या वायरिंगभोवतीचं धातूचं आवरण) आणि अर्थकडे लक्ष द्या. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर तो साधा स्क्वेअर वेव्हवाला असला की अँपमधून करकर येणारच, त्यावरून गिटारीची परीक्षा करू नका.

एक चाचणी जरूर करा. तुमची गिटार घेऊन मित्राच्या चांगल्या अँपवर वाजवा. तसा मित्र नसेल तर लॅपटॉपला ऑडिओ इंटरफेस लावून फुकट मिळणारा अँप सिम्युलेटर वापरा (न्यूरल अँप मॉडेलर फुकट आहे). तिथे आवाज आवडला तर दोष तुमच्या दहा वॉटच्या डब्याचा आहे, त्यातल्या सहा इंची स्पीकरचा. मग गिटारीवर खर्च कशाला?

२. हजार-दीड हजारात होणारे बदल आधी करून टाका

नवीन तारा. यात तरी चिकटपणा करू नका. मुंबई-कोकणच्या हवेत आणि घामानं तारा महिन्याभरात मरतात, पुण्यात जरा जास्त टिकतात. ९-४२ (ही तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) वापरत असाल तर एकदा १०-४६ लावून बघा, पण मग सेटअप पुन्हा करावा लागतो हे लक्षात ठेवा, कारण ताण वाढला की नेक (गिटारीची मान) वाकते.

मग सेटअप. यूट्यूब बघून करता येतो, हत्यारं थोडीच लागतात: तुमच्या गिटारीच्या मापाच्या ॲलन की, मिलिमीटरच्या खुणा ठळक असलेली स्टीलची पट्टी, ट्यूनर, छोटा स्क्रूड्रायव्हर. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा, तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. कमीजास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवायचा, पण एका वेळी पाव फेरा, आणि मग दिवसभर सोडून द्यायचं. इथे जोर लावू नका, ट्रस रॉड तुटला की नेक गेली. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक तारेला दीड-पावणेदोन आणि जाड तारेला दोन मिलिमीटर ठेवली की बहुतेकांना चालतं.

आता फुकटातला सगळ्यात मोठा बदल, जो कोणीच करत नाही: पिकअपची उंची. पिकअप तारेच्या जवळ नेला की आवाज मोठा आणि दणकट होतो म्हणून सगळे तो वर चढवून ठेवतात, पण सिंगल कॉइलचं चुंबक तारेला ओढतं आणि मग जाड तारेवर वरच्या फ्रेटला नोट लटपटते, दोन सूर एकदम वाजल्यासारखे वाटतात. शेवटचा फ्रेट दाबून सिंगल कॉइलला बारीक तारेकडे दोन आणि जाडीकडे अडीच मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि तिथून कानानं ठरवा. मी एकाची गिटार नुसते हे दोन स्क्रू फिरवून दिली तर तो म्हणाला पिकअप बदललेस का.

एवढं करून पंधरा दिवस वाजवा. अजूनही खटकत असेल तर पुढे.

३. टोन येतो कुठून, हे एकदा डोक्यात बसवा

आपल्याकडे घोळ होतो तो सतार-तंबोऱ्यामुळे असं माझं मत आहे. मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात आणि घोडीची जवारी काढण्यात आयुष्य घालवतात (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं), आणि ते बरोबरच आहे, कारण तिथे भोपळा, तबली नि लाकूडच हवा हलवून आवाज करतं. तेच आपण डोळे झाकून भरीव इलेक्ट्रिक गिटारीला लावतो. पण तिथे पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही, त्याला फक्त त्याच्या चुंबकावर हलणारी लोखंडी तार कळते. लाकडाचा परिणाम तार किती वेळ आणि कशी हलते यावर होतो, शून्य नाही, पण इतर गोष्टींपुढे बारीक.

१९४० च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकन गिटारिस्टनं चार इंच बाय चार इंच पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवून गिटार केली, नाव लॉग, म्हणजे ओंडकाच. लोकांना ती गिटार वाटेना म्हणून एका जुन्या गिटारीचे दोन अर्धे तुकडे बाजूंना चिकटवले, निव्वळ दिसण्यासाठी. अलीकडे नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या गिटारिस्टनं तर बॉडी-नेक काहीच न ठेवता तारा ताणून खाली पिकअप धरला आणि तो त्याच्या महागड्या टेलीकास्टर पद्धतीच्या गिटारीच्या इतका जवळचा वाजला की लोक अजून भांडतायत.

आणि ब्रायन मे. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनचा गिटारिस्ट. त्यानं १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी गिटार बांधायला घेतली, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, फ्रेटबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांचे. "बघा, घरी बांधूनच टोन आला" म्हणून सगळे हेच उदाहरण देतात. पण पिकअपही त्यानं आधी घरीच केले होते, तार बेंड केली की ते विचित्र आवाज करायचे, म्हणून शेवटी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणून बसवले. वर व्हॉक्स एसी ३० अँप, ट्रेबल बूस्टर आणि पिक म्हणून सिक्सपेन्सचं नाणं. आता तुम्हीच ठरवा यात फायरप्लेसचा वाटा किती.

माझा क्रम असा आहे: अँप-स्पीकर, मग पिकअप आणि तो तारेच्या कुठल्या जागी बसवलाय, मग पॉट-कपॅसिटर-केबल, मग तारा आणि सेटअप, मग स्केल लेंथ म्हणजे तारेची वाजणारी लांबी (फेंडर कंपनीची ६४८ मिमी, गिब्सनची त्याहून साधारण दोन सेंटिमीटर कमी, त्यामुळे तारा सैल आणि हाताला मऊ), आणि सगळ्यात शेवटी बॉडीचं लाकूड. बोटांना मी क्रमात धरलंच नाहीये, ती बदलून मिळत नाहीत.

४. विकत घ्यायची ठरलं तर

टोनसाठी घेताना खरं म्हणजे तुम्ही चांगली नेक, सरळ फ्रेट आणि भक्कम ब्रिज विकत घेताय, पिकअप नंतर बदलता येतात. यामाहा पॅसिफिका, स्क्वायर, कॉर्ट, आयबानेझ यांच्या खालच्या-मधल्या रेंजमध्ये हे मिळतं. मुंबईत असाल तर धोबी तलावला जाऊन एक दिवस घालवा, नुसतं बघायला.

दुकानात जाताना स्वतःची केबल, ट्यूनर आणि फोन न्या. आधी अँपला न लावताच वाजवा, सहाही तारांवर एकूण एक फ्रेट. वेळ लागतो, दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. कुठे खर्रर्र येतं का, कुठे नोट मरते का बघा. मग हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेक सरळ आहे का बघा, सुतार फळी बघतो तसं. बाराव्या फ्रेटवर दाबलेली नोट आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतो का. फ्रेटच्या कडा हाताला टोचतात का (कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं आणि त्या बाहेर येतात, थोडं असेल तर घासून जातं). मग अँपला लावा, गेन (आवाज फाटका करणारं बटण) अगदी कमी. सेल्समन हमखास डिस्टॉर्शन लावून फाडफाड वाजवून दाखवतो, आणि डिस्टॉर्शनमध्ये दोन हजाराची नि दोन लाखाची गिटार बऱ्यापैकी सारखीच ऐकू येते. त्याच मॉडेलचे दोन पीस मागा, दोन्ही वाजवा, फरक असतो.

सेकंडहँड घेणार असाल तर अजून तीन गोष्टी. ट्रस रॉड शेवटपर्यंत आवळलेला तर नाही ना, ब्रिजचे बारीक स्क्रू गंजून बसलेत का (समुद्राजवळच्या गिटारीत हे फार), आणि हेडस्टॉकवरचा लोगो खरा आहे का. मोठ्या ब्रँडची स्वस्तात मिळतेय आणि विकणारा घाईत आहे म्हटलं की सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदपत्रं: सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, सेकंडहँड असेल तर मूळ बिलाचा फोटो आणि विकणाऱ्यानं पैसे मिळाल्याचं लिहिलेला मेसेज. पिकअप बदलले की वॉरंटी राहते का हे घेतानाच विचारा, काही ठिकाणी जाते. आणि काढलेले पार्ट फेकू नका, विकताना गिटार होती तशी करून देता येते.

५. मधला रस्ता: अर्धी बांधा

मला परत सुरुवात करायला मिळाली तर मी हेच करीन. सेकंडहँड, नेक चांगली असलेली गिटार घ्यायची आणि आतला सगळा संसार बदलायचा. रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनची ती प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटार अशीच, स्वस्तातली दुय्यम दर्जाची बॉडी, वेगळी नेक आणि गिब्सनमधून काढलेला हमबकर (दोन गुंडाळ्यांचा, कमी घुमणारा पिकअप).

लागणारं सामान: २५ ते ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर वायर, मल्टिमीटर, पिकअप, पॉट, कपॅसिटर, थोडी वायर, शील्डिंगला तांब्याची चिकटपट्टी. पॉट पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. पण इथेच पहिला सापळा: सिंगल कॉइलला २५० किलोओम, हमबकरला ५०० किलोओम. उलटं केलंत तर सिंगल कॉइल कानात सुया टोचल्यासारखा आणि हमबकर गोधडीत. आणि व्हॉल्यूमला "ए" लिहिलेला पॉट मागा, "बी" लिहिलेला दिला तर आवाज एकसारखा कमी न होता शेवटी एकदम पडतो. मी दोन्ही चुका एकाच गिटारीत केल्यात.

दुसरा सापळा म्हणजे पिकअपचे आकडे. रेझिस्टन्स जास्त म्हणजे पिकअप चांगला असं नसतं. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारीचा सिंगल कॉइल सहा किलोओमच्या आसपास, जुन्या पद्धतीचा हमबकर आठच्या आसपास, आणि पंधरा-सोळावाला घेतलात तर तो जोरात वाजेल, पण वरचा चकाकणारा भाग कमी होईल. तुम्ही क्लीन वाजवता का जड मेटल, यावर ठरवा. तिसरी गोष्ट केबलची: साधी केबल मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड धरते आणि जितकी लांब तितका ट्रेबल खाते. घरात वाजवायला दहा मीटरची केबल कशाला पाहिजे? तीन मीटरची घ्या, पाचशे रुपयांत टोन बदलेल.

सोल्डर करण्याआधी आतल्या वायरिंगचे चार बाजूंनी फोटो काढा. हे वाक्य दोनदा वाचा.

६. तरीही पूर्ण बांधायचीच आहे?

बांधा की, मजा येते. फक्त हिशोब उघड्या डोळ्यांनी करा. माझा असा झाला: नेक तयारच घेतली ७,०००, पिकअप ९,०००, ब्रिज आणि ट्यूनर (म्हणजे खुंट्या) ५,५००, पॉट-स्विच-जॅक-वायर १,५००, राउटरचं (लाकडात खाच पाडायच्या यंत्राचं) भाडं आणि पाती ३,०००, पॉलिश २,०००, आणि शेवटी कारागिराकडून फ्रेट लेव्हल करून घेतले त्याचे ४,०००. झाले बत्तीस हजार, लाकूड फुकट धरून. विकायला काढली तर याचे दहाही येणार नाहीत, कारण हेडस्टॉकवर कुठल्या कंपनीचं नाव नाही. पहिल्या वेळी नेक स्वतः करायच्या फंदात अजिबात पडू नका, एका फ्रेटची खाच अर्धा मिलिमीटर चुकली की तो फ्रेट कायमचा बेसूर.

लाकडाबद्दल. वखारीत गेलात की सागवान दाखवतील, पण सागवान जड आहे, तेलकट आहे आणि पाती बोथट करतं. मी दोन फळ्या मधोमध जोडल्या आणि पहिल्या पावसाळ्यात जोड उघडला, कारण चिकटवण्याआधी थिनरनं तेल पुसायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा महोगनी किंवा तून बघा, हलकं मिळतं. नीट वाळलेलं आहे ना एवढंच महत्त्वाचं. भुसा नाकात जाऊ देऊ नका, मास्क घाला, सागवानाच्या भुशानं माझे हात आठवडाभर खाजत होते.

मापं: बॉडी साधारण ४५ मिमी जाड. फेंडर पद्धतीची नेक असेल तर खाच सुमारे १६ मिमी खोल आणि ५६ मिमी रुंद, पण हातात नेक आल्याशिवाय खाच पाडू नका, प्रत्यक्ष नेकला लावून माप घ्या. आधी एमडीएफचं टेम्प्लेट कापा, त्यावर चुका करा, मग लाकडाला हात लावा.

ब्रिजची जागा हा सगळ्यात मोठा सापळा. ६४८ मिमीच्या स्केलला नटपासून (हेडस्टॉकजवळची तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४, आणि तेवढंच पुढे ब्रिजपर्यंत. पण सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे न्यायला जागा लागते, पुढे आणायला फारशी लागत नाही. म्हणून बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे आणून ते ६४८ वर ठेवायचं आणि मग भोकं पाडायची. मी जाड तारेचं सॅडल पूर्ण मागे नेऊन ६४८ मोजलं. सगळ्याच तारा बाराव्या फ्रेटवर चढ्या, आणि मागे सरकायला जागाच नाही. सागवानी खुंट्या ठोकून भोकं बुजवली आणि नव्यानं पाडली, ब्रिजखाली त्या खुणा अजून आहेत. भोकं पाडण्याआधी दोन्ही टोकांच्या तारांऐवजी दोरा ताणून तो नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर जातो का तेही बघा, नाहीतर एक तार फ्रेटबोर्डवरून खाली घसरते.

पॉलिश पावसाळ्यात करू नका. लॅकर मारलं की दमट हवेत पांढुरकं पडतं. दिवाळीनंतर करा. आणि ब्रिजखाली अर्थची वायर टाकायला बॉडीतून बारीक भोक पाडायचं असतं, ते पॉलिशच्या आधी पाडा. ही वायर राहिली की कितीही महाग पिकअप लावा, घूंऽऽ चालू.

७. पार्ट बाहेरून मागवताना

कस्टम ड्यूटी पार्टच्या किमतीवर आणि वर शिपिंगच्या पैशावरही लागते, मग आयजीएसटी, मग कुरिअर कंपनीची स्वतःची फी. ऐंशी डॉलरची नेक बघून तोंडाला पाणी सुटतं आणि दारात येईपर्यंत आकडा भलताच होतो. केवायसीसाठी आधार किंवा पॅन, ऑर्डरचं इनव्हॉइस आणि पैसे भरल्याचा पुरावा तयार ठेवा. विकणाऱ्याला "गिफ्ट लिही" असं सांगू नका, त्यानं ड्यूटी वाचत नाही आणि पार्सल अडकतं ते वेगळंच. फ्रेटबोर्ड रोझवुडचा असेल तर सायटीसचे (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम येतात. २०१९ च्या शेवटापासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार पार्टना बऱ्यापैकी सूट आहे (ब्राझिलियन रोझवुड सोडून), पण नुसत्या लाकडाच्या पट्टीला नाही. गंमत म्हणजे जगभरच्या गिटारींवर जे इंडियन रोझवुड असतं ते बरंचसं आपल्याच दक्षिणेतलं शिसवी, म्हणजे ते तिकडे जाऊन फ्रेटबोर्ड होऊन ड्यूटी भरून परत आपल्याकडे येतं. मेपलची घेतलीत तर ही भानगडच नाही.

माझी सागवानी गिटार भिंतीवर आहे, तिचे पिकअप अजून त्या जुन्या गिटारीतच आहेत आणि वाजवतो मी तीच, तिचं वजन साडेतीन किलो आहे. तुळईचा अर्धा तुकडा उरला होता, तो परवा सुतारकाकांकडे पाठवला. झोपाळ्याला कड्या पितळी हव्यात का लोखंडी, एवढंच विचारलं त्यांनी.